वन-टू-थ्री मामा

दिल्लीतल्या मराठी मंडळांत काही माणसं ठरलेली असतात. एक जण दर नाटकात राजा होतो. एक जण गणपतीच्या आधी महिनाभर वर्गणीचं पुस्तक काखेत मारून फिरतो. एक जण ‘रिटायर झालो की सरळ पुणे’ असं सांगत इंदिरापुरमला दुसरा फ्लॅट बुक करतो. आणि एक असतो फ्री स्टाईलवाला. वय साठीच्या पुढेमागे, अंगकाठी बेताची, गुडघे कुरकुरणारे. पण विषय मेट्रोच्या भाड्याचा असो की सुनेच्या नोकरीचा, तिसऱ्या वाक्याला गडी हल्क होगनवर येतो. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्यानं आणून, डोळे तारवटेपर्यंत अमेरिकेतल्या फ्री स्टाईल कुस्त्या पाहिलेली ही पिढी. आज त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण निकोलाय वोल्कॉफ कुस्तीआधी सोव्हिएत राष्ट्रगीत कसं म्हणायचा, ते ताठ उभं राहून करून दाखवतात.

या जातीचा अर्क म्हणजे आमचे वन-टू-थ्री मामा.

ते नक्की कुणाचे मामा, याचा पत्ता आजवर लागलेला नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत आम्ही पोरं वाढत होतो, तेव्हा ते स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन एका मंत्रालयात एल.डी.सी., म्हणजे कनिष्ठ कारकून म्हणून नुकतेच चिकटले होते. आई-वडिलांबरोबर वरच्या मजल्यावर राहत. टीव्हीत एक पैलवान दुसऱ्याच्या छातीवर आडवा पडला की पंच गादीवर हात आपटत तीन अंक मोजतो. मामांना नुसतं बघवायचं नाही. ते स्वतः फरशीवर पालथे पडून तळहात आपटायचे, “वन! टू!” खालच्या मजल्यावरची पंजाबी आंटी झाडूचा दांडा छताला ठोकून तिसरा अंक पुरा करायची. नाव पडलं ते तिथून, आणि ते रेशन कार्डावरच्या नावापेक्षा जास्त टिकलं.

१९८५ साली केंद्र सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. राजीव गांधींनी हा निर्णय फ्री स्टाईलच्या शौकिनांसाठीच घेतला, असं मामांचं ठाम मत होतं. शुक्रवारी संध्याकाळी मार्केटातल्या व्हिडिओ लायब्ररीतून मशीन यायचं. सायकलच्या कॅरिअरवर टॉवेलात गुंडाळलेलं, आणि मामा सायकल हातात धरून सावकाश चालत येताहेत, बाळंतिणीला घरी आणावं तसे. सगळ्यांची वर्गणी असायची. आधी बायकांसाठी एक कौटुंबिक सिनेमा लागे. त्यात मनसोक्त रडून झालं की काकू-मावश्या पेंगायला लागत. मग रात्री एकच्या सुमाराला मामा दुसरी कॅसेट बाहेर काढत. ती कॉपीची कॉपी, आणि तिचीही कॉपी. पडद्यावर वरून खाली पांढऱ्या रेघा सरकत. मामा ट्रॅकिंगचं बटण पिळत, कॅसेट काढून फुंकर मारत, पुन्हा घालत. शेवटी त्या धुरळ्यातून पिवळ्या चड्डीतला, टकलाकडे झुकलेला, भल्या मिशांचा एक माणूस बाहेर येई आणि अंगावरची बनियन टराटरा फाडी. मामांच्या आईला होगनबद्दल एकच प्रश्न होता, “दर वेळी नवी बनियन? याच्या आईला परवडतं कसं?”

एकदा मामांच्या कुणा मित्राच्या भावानं न्यू जर्सीहून अस्सल कॅसेट पाठवली. लायब्ररीतला भुरकट माल नव्हे, थेट अमेरिकेतली. खोली भरली. खालची आंटीसुद्धा झाडू न घेता वर आली. मशीन सुरू झालं आणि होगनचे पाय टीव्हीत वर, डोकं खाली, मधे काळा पट्टा, असं चित्र गरगर फिरायला लागलं. रंग गायब. आवाज विहिरीतून आल्यासारखा घोगरा. अमेरिकेतल्या टीव्हीची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल, दोघांचं गणित जुळत नाही, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी एका पोराला टीव्हीमागे बसवून बटण धरून ठेवायला लावलं. चित्र क्षणभर ठरायचं की पुन्हा पळायचं. त्या अवस्थेत सगळ्यांनी अख्खी कॅसेट पाहिली. कोण जिंकलं, यावर क्वार्टरांत पुढे बरेच दिवस मतभेद राहिले.

त्या काळच्या पैलवानांचं काय सांगावं! रॉडी पायपर नावाचा घागरा घातलेला एक खवट माणूस होता. त्यानं १९८४मध्ये जिमी स्नुकाला मुलाखतीला बोलावलं आणि बोलता बोलता त्याच्या डोक्यावर नारळ फोडला. मामांच्या आईला वाटलं कसला तरी मुहूर्त आहे. तिनं हात जोडले. जॉर्ज स्टील नावाचा केसाळ प्राणी रिंगच्या कोपऱ्यातली गादी दातांनी फाडून आतला कापूस खायचा. जेक रॉबर्ट्स थैलीतून अजगर काढून हरलेल्याच्या अंगावर सोडायचा. कमाला हा युगांडाचा राक्षस पोटावर चांदण्या रंगवून यायचा. पुढे कळलं की राक्षस मिसिसिपीचा ट्रक ड्रायव्हर होता. कापूस खाणारा मिशिगनमध्ये शाळामास्तर. आणि सोव्हिएत राष्ट्रगीत म्हणणारा वोल्कॉफ युगोस्लाव्हियातल्या स्प्लिटचा. यावर मामांना धक्काबिक्का अजिबात बसला नाही. “दिल्लीत राहून तुला नवल वाटतं?” ते मला म्हणाले. “इथे तरी कोण कुठला आणि काय म्हणून मिरवतोय, विचारतं का कुणी?”

या सगळ्याला घरात एक खंबीर विरोधी पक्ष होता. मामांचे वडील, आबा. चिकोडीकडचे, नोकरीसाठी दिल्लीत आलेले. १९५९मध्ये दिल्लीत पहिली हिंदकेसरी झाली, आणि शेजारच्या एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळ्यांनी पंजाबच्या बंतासिंगला चितपट करून ती गदा नेली. आबांनी ती कुस्ती समोर बसून पाहिली होती, आणि त्यानंतर जगात पाहण्यासारखं काही उरलं नाही, अशी त्यांची समजूत होती. मामा सतरा-अठरा वर्षांचे झाल्यावर आबा त्यांना गुरू हनुमानांच्या आखाड्यात घेऊन गेले. तिथे सतपालसारखे मल्ल घडत होते, ज्यानं पुढे १९८२च्या एशियाडमध्ये दिल्लीतच सुवर्णपदक मिळवलं. मामांनी तिथल्या पोरांचे फुटून गड्डा झालेले कान पाहिले, स्वतःचे कान चाचपले आणि घरी येऊन एल.डी.सी.चा फॉर्म भरला.

तर हे आबा रात्री एक वाजता आरामखुर्चीत बसून होगनची कुस्ती बघायचे आणि बघताना त्यांचं समालोचन चालायचं.

“सलामी कधी धरणार हे?”

“धरतील आबा, आधी मिरवणूक असते.”

“पाव तास लंगोट दाखवत फिरतोय! माती कुठाय?”

“माती नसते, गादी असते.”

“अरे, पाठ टेकली की त्याची! झाली की कुस्ती!”

“तीन मोजेपर्यंत टेकून ठेवायची असते.”

“आणि तो पंच? समोर खुर्ची घालतोय डोक्यात, आणि पंच बुटाची नाडी बांधतोय?”

“तो नेहमी त्याच वेळी बांधतो, आबा.”

“नुरा कुस्ती आहे ही,” असा निकाल देऊन आबा छडी टेकत. पण उठायचे नाहीत. उजाडेपर्यंत नुरा कुस्तीची शेवटची फेरीही ते डोळे वटारून बघायचे, आणि वाईट माणूस जिंकत असेल तर पंचाला कोल्हापुरी शिवी हासडायचे.

मग १९८७ साल उजाडलं. २९ मार्चला डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिअॅक सिल्व्हरडोममध्ये तिसरा रेसलमेनिया, म्हणजे फ्री स्टाईलचा मोठा मेळा झाला. ९३,१७३ माणसं होती, असा आयोजकांचा आकडा. त्यावर अजून भांडणं चालतात. एका बाजूला होगन, दुसऱ्या बाजूला फ्रान्सचा आंद्रे. उंची सात फूट चार इंच, वजन ५२० पौंड, म्हणजे जवळपास २३६ किलो, अशी त्याची जाहिरात. ती कॅसेट आमच्यापर्यंत बऱ्याच उशिरा पोचली. शेवटी होगननं आंद्रेला खांद्याएवढा उचलला, आडवा केला आणि आपटला. क्वार्टर दणाणली. पोरं पलंगावरून उड्या मारायला लागली. खालून झाडू सुरू झाला. एकटे मामा गप्प.

“मागे घे,” ते म्हणाले.

कॅसेट मागे गेली. पुन्हा आपटणं.

“अजून एकदा. हळू.”

पाच-सहा वेळा झाल्यावर त्यांनी खोलीला विचारलं, “उचललं कुणी?”

“होगननं!” सगळे ओरडले.

“गाढवांनो, आंद्रेचा हात बघा. पाय बघा. एवढं धूड स्वतःहून उचलून घेतल्याशिवाय उचललं जातं का? पाठ गेलीय त्याची, नीट चालता येत नाही बिचाऱ्याला. तरी उचलून घेतलंन. होगन काय, नुसता उभा राहिला. कुस्ती आंद्रेची आहे.”

आंद्रेचं पाठीचं दुखणं खरंच होतं, आणि १९९३च्या जानेवारीत तो गेलासुद्धा. पण त्या रात्री मामांना जे दिसलं ते आम्हाला दिसायला अर्धं आयुष्य गेलं. त्या दिवसापासून मामांनी जिंकणाऱ्याकडे बघणं सोडलं. कॅसेट लागली की त्यांची नजर पडणाऱ्यावर. हनुवटी छातीला लावतोय का? श्वास सोडून पडतोय का? दोन्ही तळहात आणि सगळी पाठ एकदम टेकवतोय का, म्हणजे मार एका जागी न बसता अंगभर वाटला जातो? रिंगच्या गादीखाली फळ्या असतात, फळ्यांखाली लोखंड. गादी पातळ आणि आवाज दांडगा. “पाडणाऱ्याचं काय जातं?” मामा म्हणत. “सगळी विद्या पडणाऱ्याची.”

हा सिद्धांत त्यांनी एका रविवारी सकाळी, ‘रामायण’ चालू असताना आबांना ऐकवला. तिथे मात्र चुकलं. टीव्हीला हार घातलेला, उदबत्ती लावलेली, पडद्यावर दारासिंग हनुमान. दारासिंग म्हणजे आबांचं दैवत. १९५४चा रुस्तम-ए-हिंद, १९६८मध्ये मुंबईत लू थेझसारख्या अस्सल मल्लाला हरवणारा. १९८३मध्ये दिल्लीतल्याच शेवटच्या स्पर्धेत त्यानं निवृत्ती जाहीर केली आणि राष्ट्रपती झैलसिंगांच्या हातून करंडक घेतला, तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मामा म्हणाले, “आबा, पण दारासिंगच्या कुस्त्याही फ्री स्टाईलच. तो किंगकाँगला डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचा ना? दोनशे किलोचा माणूस. किंगकाँगनं मनावर घेतल्याशिवाय फिरला असेल का?”

आबांनी उदबत्ती विझवली नाही, एवढंच. ‘रामायण’ संपेपर्यंत ते मामांशी बोलले नाहीत. ‘रामायण’ १९८८च्या जुलैपर्यंत चाललं.

घरात अबोला असला, तरी कचेरीत सिद्धांताला सोन्याचे दिवस आले. संसदेचं अधिवेशन सुरू झालं की प्रश्नांची उत्तरं वेळेत पाठवायची असतात, आणि कुठलं तरी उत्तर कुठल्या तरी टेबलावर अडकतंच. मग मोठे साहेब सेक्शनमध्ये येऊन गर्जना करतात. इतर लोक नियम दाखवायचे, नोटिंग दाखवायचे, शेजारच्याकडे बोट दाखवायचे आणि हाती मेमो घेऊन बसायचे. मामा उठून उभे राहायचे. साहेबाच्या पहिल्या वाक्याला किंचित मागे सरकत. दुसऱ्याला खुर्चीचा आधार घेत. तिसऱ्याला कपाळाला हात लावून खालच्या आवाजात, “सर, गलती मेरी है.” फाइल त्यांची नसायची, बऱ्याचदा विषयही त्यांचा नसायचा. पण साहेबाचा राग चढता चढता पोकळीत पडायचा. भर सेक्शनसमोर विजय मिळालेला असायचा. दहा मिनिटांनी साहेबाच्या खोलीतून मामांना चहाचं बोलावणं. “साहेबाला गर्दीसमोर जिंकायचं असतं रे,” मामा सांगत. “आपण नीट पडलो की त्याची हौस फिटते आणि आपली पाठ वाचते.” सेक्शन ऑफिसर होऊन ते रिटायर झाले. निरोपसमारंभात झाडून सगळे आले होते, एकमेकांशी न बोलणारेसुद्धा.

मामी ग्वाल्हेरच्या. या तत्त्वज्ञानाकडे बघण्याची त्यांची दृष्टी वेगळी आहे. “पडतात हे, खरंय,” मामी म्हणतात. “मी बोलायला सुरुवात केली की लगेच, ‘चुकलं माझं.’ मग मी काय बोलणार? पण असं हरून हरून यांनी जन्मात एकदा गॅसचा नंबर लावला नाही, की कधी मंडीतून भाजी आणली नाही. यांची पाठ टेकलेली, आणि पिशव्या माझ्या हातात!” मामा यावरही म्हणतात, “चुकलं माझं.” आणि पेपरात डोकं घालतात.

१९९०च्या दशकात केबल आलं आणि मामांची विद्या एकाएकी सार्वजनिक झाली. घरोघरी होगन-आंद्रेवाल्या कंपनीचं डब्ल्यूडब्ल्यूएफ दिसू लागलं. पोरांच्या खिशात ट्रम्प कार्डं आली. रँक, उंची, वजन, छाती, दंड, असे आकडे पाढ्यांआधी पाठ होऊ लागले. वाद पेटला की पोरं मामांकडे. अंडरटेकर नावाचा पैलवान खरंच मेलेला माणूस आहे का? त्याला सात जन्म आहेत का? १९९६मध्ये ‘खिलाडियों का खिलाडी’ आला, आणि अक्षय कुमारनं अंडरटेकरला उचलून आपटला, यावर शाळाशाळांत मारामाऱ्या झाल्या. मामांनी न्यायनिवाडा केला, “सिनेमातला अंडरटेकर खरा नव्हे. तो ब्रायन ली. १९९४मध्ये कंपनीनं दोन अंडरटेकर समोरासमोर उभे केले होते, त्यातला नकली तोच. म्हणजे नकली माणसाची नक्कल आपल्या हिरोनं खोटी खोटी मारली.” पोरं हिरमुसली. मामांनी समजूत घातली, “पण पडला बघ किती छान!”

पुढे २००२मध्ये कंपनीला नाव बदलावं लागलं. वन्यजीवांवर काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं लंडनच्या कोर्टात दावा जिंकला, आणि कुस्तीवाले डब्ल्यूडब्ल्यूई झाले. त्या वन्यजीववाल्या संस्थेचं भारतातलं कार्यालय आपल्या लोदी इस्टेटमध्ये, मॅक्स म्यूलर मार्गावर आहे. तिथून जाताना मामा बसमध्येही अर्धवट उठून पाटीवरच्या पांडाला नमस्कार करतात. “एवढे दांडगे पैलवान एकाच वेळी कुणी चितपट केले असतील, तर या अस्वलानं. अंगाला हात न लावता.”

‘हे सगळं खोटं असतं ना?’ हा प्रश्न मामांना आयुष्यभर लोकांनी विचारला. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी तीच हुशारी असते, जणू गुप्त फाइल त्याच्याच टेबलावर आली आहे. मामा चिडत नाहीत. ते शांतपणे सांगतात की १९८९मध्ये कंपनीनं स्वतःच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं, बाबांनो, ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कारण स्पर्धा म्हटली की सरकारी देखरेख आली, कर आला. “कर वाचवायला माणूस खरं बोलला, असं जगाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण,” मामा म्हणतात. आणि मग विचारणाऱ्याला उलट विचारतात, “तुम्ही काल लग्नात त्या व्याह्यांना मिठी मारलीत, ती कुठल्या गटात धरायची?”

२०१७च्या ९ डिसेंबरला इंदिरा गांधी स्टेडियमवर डब्ल्यूडब्ल्यूईचा खेळ झाला. ट्रिपल एच विरुद्ध जिंदर महाल. जिंदर कॅनडाच्या कॅलगरीचा, पण रक्त पंजाबी, त्यामुळे दिल्लीची गर्दी कुणाच्या बाजूनं ओरडावं या पेचात. मामांना त्यांच्या पुतण्यानं तिकीट काढून नेलं. पुतण्या मोबाइलवर चित्रण करण्यात गुंग. मामा ‘टू’ला हात वर करून थांबलेले. जिंदर हरला, आणि मग दोघांनी मिळून रिंगमध्ये भांगडा केला. पुतण्याला ते फार हास्यास्पद वाटलं. मामा मात्र आयटीओच्या मेट्रो स्टेशनपर्यंत खूश होते. “आपल्याकडे हरवल्यावर मेमो देतात,” ते म्हणाले. “इथे नाचायला बोलावलं!”

मंडळाची बस दर १४ जानेवारीला पानिपतला, काला आंबच्या स्मारकावर जाते. पानिपत आता एनसीआरमध्येच येतं. तिथे पोचलं की सगळे गंभीर होतात. कुणी भाषण करतं, कुणी डोळे पुसतं. एका वर्षी एक तरुण सभासद फारच हळवा होऊन म्हणाला, “सगळं संपलं हो इथे.” मामा म्हणाले, “कुठे संपलं? १७६१ला पाठ टेकली, मान्य. वन झालं, टू झालं. १७७१ला महादजी शिंदे दिल्लीत! दोनवर खांदा उचललाय. आणि तू तीन मोजून मोकळा?” इतिहासाचे प्राध्यापक बरोबर होते. त्यांनी तोंड उघडलं, थोडा विचार केला आणि मिटलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सोसायटीच्या लॉबीत नुकतीच फरशी पुसलेली. मामा दुधाची पिशवी घेऊन आत शिरले आणि त्यांचे दोन्ही पाय एकदम हवेत गेले. मी लिफ्टपाशी उभा होतो, म्हणून सांगतो. हनुवटी छातीला. हात बाजूला, तळवे उघडे. सगळी पाठ एकदम. धाड्कन आवाज झाला, दुधाची पिशवी मात्र छातीवर शाबूत. बिहारी सिक्युरिटी गार्ड “अरे अंकलजी!” करत धावला आणि उचलायला वाकला. मामांनी पडल्या पडल्या त्याला थांबवलं आणि दोन बोटं वर केली. गार्डला वाटलं, माणसं दोन बोलवायची आहेत. तो दुसऱ्याला हाका मारायला पळाला. तेवढ्यात मामा उठून बसले. एक्स-रेत काही निघालं नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, या वयात असं पडून हाड शाबूत राहणं नशीब. मामी म्हणाल्या, “नशीब कसलं! आमच्याकडे जन्मभराची प्रॅक्टिस आहे.”

२०२५च्या जुलैत होगन गेला. मामांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या. पाच-सहा सभासदांनी फोटो न बघताच ‘भावपूर्ण श्रद्धांजली, काका फार मनमिळाऊ होते’ असं टाकलं. मामांनी त्या प्रत्येकाला आभाराचा नमस्कार पाठवला.

सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून रण पेटलं. एका रिटायर्ड कर्नलसाहेबांनी प्लॅस्टिकची खुर्ची खरोखर डोक्यावर उचलली. सेक्रेटरी नेमका त्याच वेळी वाकून मिनिट्सचं रजिस्टर शोधत होता. मामा उठून कर्नलसाहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, “सर, गलती मेरी है.” मामांकडे गाडी नाही. कधीच नव्हती. कर्नलसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि खुर्ची खाली ठेवून तिच्यावर बसले. सभा समोशांवर आली.

तुमच्या मंडळात, सोसायटीत, कचेरीत असा एखादा फ्री स्टाईलवाला असणारच. तो होगनची गोष्ट काढेल तेव्हा घड्याळाकडे बघू नका. आंद्रेबद्दल विचारा, म्हणजे खरा माल बाहेर येईल. आणि पुढची सभा तापली की त्याला सगळ्यात पुढच्या रांगेत बसवा. जिंकायला टपलेली माणसं दिल्लीत पैशाला पासरी आहेत. वेळेवर, नीट आणि कुणाचं हाड न मोडता पडणारा माणूस सापडला, तर त्याची वर्गणी खुशाल माफ करा.